मापाच्या वहीतल्या कादंबऱ्या

(नाशिकमधल्या एका वाचकगटाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण, ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं संपादित केलेलं.)

नमस्कार मंडळी.

दर महिन्याला आपण इथे गोल करून बसतो आणि प्रत्येकाला पाच-पाच मिनिटं मिळतात. आज तुम्ही सगळा वेळ मला दिलात. मी दोन पिशव्या भरून पुस्तकं आणली आहेत. त्यातली सगळी काढणार नाही. चार-पाच कादंबऱ्यांवर बोलेन, आणि सध्या उशाशी असलेल्या एका कादंबरीवर.

पंचवटीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत आहे. एकोणतीस वर्षं झाली. तितकीच वर्षं कादंबऱ्यांशी संबंध आहे, पण पहिली आठ-दहा वर्षं मी त्या वाचल्या नाहीत, ऐकल्या. मशीनवर बसलं की नजर सुईवरून हलवता येत नाही. कान मात्र मोकळे असतात. आमच्या वाड्यातली एक मुलगी तेव्हा आठवीत होती. घरात माणसं जास्त आणि खोल्या दोन, म्हणून ती अभ्यासाला माझ्या दुकानात येऊन बसायची. अभ्यास संपला की मी म्हणायचे, आता मला वाचून दाखव. पायमशीन चालू असलं की तिचा आवाज बुडायचा. मग मी दिवसभरातली हातशिलाईची कामं संध्याकाळसाठी राखून ठेवायला लागले. तुरपाई, हूक लावणं, साडीचा फॉल. ती वाचायची आणि मी टाके घालायचे.

अशी पूर्ण ऐकलेली पहिली कादंबरी म्हणजे हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो'. पुस्तक सार्वजनिक वाचनालयातून आणलं होतं. आपलं 'सावाना' 1840 पासून चालू आहे. त्याच्या कार्डावर मी आयुष्यात किती पुस्तकं आणली असतील, याचा हिशोब लागणार नाही. तर यमूची गोष्ट रोज एक प्रकरण, कधी अर्धंच, अशी चालली होती. ब्लाउज न्यायला आलेल्या बायका दारातच थांबायच्या, मग पायरीवर बसायच्या. एक वहिनी तर दुसऱ्या दिवशी नुसतं विचारायला आल्या, की यमूचं पुढे काय झालं? ही कादंबरी मुळात 'करमणूक' साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने आली होती, हे मला फार नंतर कळलं. 1890 साली सुरू झालेलं ते साप्ताहिक. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या बायकाही आमच्या वहिनींसारख्याच पुढच्या हप्त्याची वाट बघत होत्या. विधवेच्या केशवपनाचं वाचताना त्या मुलीचा आवाज अडकला. पायरीवर बसलेल्या एक आजी म्हणाल्या, माझ्या आत्याचं असंच केलं होतं. त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. त्या आत्याबद्दल आजींच्या घरातसुद्धा कोणी कधी बोललं नव्हतं, हे त्यांनी मला पुढे सांगितलं.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालं आहे. कादंबरी वाचावी एकट्याने, पण आपल्याला ती किती कळली हे दुसऱ्याला सांगायला बसल्याशिवाय समजत नाही. सांगताना आपण अडखळतो ती जागा नीट वाचलेली नसते. आणि समोरचा भलत्याच ठिकाणी थांबवतो, ती जागा आपल्याला दिसलेलीच नसते.

माझ्याकडे मापाची वही असते. नाव, उंची, छाती, बाहीचा घेर, गळा पुढचा, गळा मागचा. त्याच वहीत उजव्या पानावर मी कोणाला कोणतं पुस्तक दिलं ते लिहायला लागले. परत आल्यावर ती काय म्हणाली तेही लिहिते, एका ओळीत. त्या ओळी मला आता पुस्तकांइतक्याच मोलाच्या वाटतात. आणि वहीनेच मला एक शिकवलं. 'छान आहे, वाच' असं म्हणून दिलेलं पुस्तक बहुतेक वेळा न वाचताच परत येतं. त्यातल्या एका माणसाबद्दल दोन वाक्यं सांगून दिलं, तर ते वाचलं जातं.

'धग' माझ्या सगळ्यात जवळची कादंबरी. उद्धव शेळक्यांची, 1960 सालची, वऱ्हाडी बोलीत भिजलेली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. एक गरीब शिंपी कुटुंब आहे. कौतिक ही बाई, तिचा नवरा महादेव आणि मुलं. महादेवाच्या हातून संसार ओढला जात नाही, त्यात त्याला महारोग होतो. कौतिक जगण्याशी झुंजत राहते. गोष्ट एवढीच आहे. पण कौतिक ज्या तऱ्हेने बोलते, चिडते, हिशोब करते, ते वाचताना ती आपल्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली आहे असं वाटतं. वऱ्हाडी मला पहिल्यांदा अवघड गेली. मोठ्याने वाचल्यावर सोपी झाली. तुम्हालाही जड गेली तर पहिली वीस पानं मोठ्याने वाचा. बोली कानातून आत जाते.

मी स्वतः शिवणकाम करणारी, त्यामुळे शिंप्याच्या घरची ओढाताण मला वेगळी समजून घ्यावी लागली नाही. सणाला आणि लग्नसराईला रात्री दीडपर्यंत मशीन चालतं, आणि आषाढ लागला की वही कोरी. मी कौतिकच्या बाजूने इतकी वाचली, की महादेवाचा मला राग यायचा. येईल त्या बाईला मी सांगायचे, ही कौतिक वाच, आणि तिच्या नवऱ्याकडे लक्षच देऊ नकोस.

मग एकदा एक काका पत्नीचे ब्लाउज न्यायला आले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. त्यांनी 'धग' नेली आणि आठ दिवसांनी परत आणली. म्हणाले, "ताई, पुस्तक कौतिकचं आहे, कबूल. पण आपल्याला काही जमत नाही हे महादेवालाही कळतंय. ते तुम्ही वाचलंत का?" मी म्हटलं, कुठे आहे तसं? तर ते खुर्चीवर बसले आणि स्वतःचं सांगायला लागले. नोकरी लागण्यापूर्वी दोन वर्षं ते घरी बसून होते. पत्नी पापड लाटायला जायची. "जेवताना मी ताटाकडे बघायचो. मान वर करून तिच्याकडे बघायचं धाडस नव्हतं. बाहेरून लोकांना मी आळशी दिसत होतो."

त्या रात्री मी 'धग' पुन्हा काढली. कादंबरी तीच होती, पण या वेळी मी महादेवाच्या मागे मागे गेले. तो काय बोलतो यापेक्षा कुठे गप्प बसतो, ते बघत गेले. कौतिकबद्दलचं माझं प्रेम तसूभर कमी झालं नाही. पण महादेवाला मी आता माणूस म्हणून ओळखते, आणि ते मला त्या काकांमुळे मिळालं. वहीत त्यांच्या नावापुढे मी लिहिलं आहे, 'ताटाकडे बघायचो'.

'धग' आवडली त्यांनी रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' जरूर वाचावी. 1971 ची. तिथेही शिंप्याचंच घर आहे. फक्त मराठवाड्यातलं, आणि सगळं शिंप्याच्या बायकोच्या तोंडून तिच्या बोलीत येतं. लहानशी आहे, दोन बैठकींत होते. दोन्ही लागोपाठ वाचलीत तर एकीच्या प्रकाशात दुसरी दिसते. मी तशाच वाचल्या होत्या.

आता 'कोसला'. आपल्याच गटात तिच्यावरून दोन वेळा आवाज चढले आहेत, म्हणून तिच्याबद्दल बोलायलाच हवं. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी 1963 साली आली. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला जातो आणि हरत हरत गावी परततो. आपल्या गटातल्या कॉलेजच्या मुलांना ती तोंडपाठ आहे, आणि एका काकूंनी चाळिसाव्या पानावर ती मिटली. त्यांची तक्रार खरी होती. सारखं 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे', हा मुलगा सरळ का बोलत नाही? मुलं म्हणाली, काकू, तेच तर त्याचं बोलणं आहे. वाद मिटेना. मी काकूंना म्हटलं, तुम्ही मनीपर्यंत जा. मनी त्याची धाकटी बहीण, देवीच्या आजारात जाते. ती पानं वाचा आणि मग पुन्हा पहिल्या पानावर या. त्यांनी तसं केलं. पुढच्या महिन्यात त्या म्हणाल्या, "आता 'वगैरे' ऐकलं की मला वाटतं, हा मुलगा रडू आवरतोय." कॉलेजची मुलं हे ऐकून गप्प झाली. 'कोसला' इतक्यांदा वाचूनही हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

मनीचं मी आधीच सांगितलं, यावर एका मुलाने माझ्याशी हुज्जत घातली. शेवट, मृत्यू, वळणं अशी सांगून टाकायची का? मला वाटतं, हे पुस्तकावर आहे. 'कोसला'त मनी जाते हे माहीत असलं तरी ती पानं वाचताना ते माहीत असणं आपल्याला वाचवत नाही. पण विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'चा शेवट मी आज सांगणार नाही, आणि तुमच्यातल्या कोणीही नवीन वाचकाला सांगू नये, अशी हात जोडून विनंती आहे. 1939 सालची ही छोटी कादंबरी. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू, त्यांच्यातली हॅर्टा आणि आपला चक्रधर. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी मराठीत हे लिहून झालं होतं, याचा मला अजून अचंबा वाटतो. आपल्याकडे येणाऱ्या एका परिचारिका ताईंना मी ती दिली. त्या पुस्तकांबद्दल कधी काही बोलत नाहीत. परत करताना 'झालं' म्हणतात, मी वहीत 'झालं' लिहिते. काही माणसांचं वाचणं असं बंद दाराआडचं असतं आणि ते दार ठोठावू नये. 'रणांगण' आणून दिली तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "इतक्यात कुणाला देऊ नका, मी पुन्हा नेणार आहे."

आपल्या गावाशी जोडलेलं एक पुस्तक आहे, त्याला कादंबरी म्हणायचं की आठवणी, यावर अभ्यासक बोलतील. साने गुरुजींनी 'श्यामची आई'चा बराचसा भाग 1933 च्या फेब्रुवारीत, पाच दिवसांत, इथे नाशिकच्या तुरुंगात लिहिला. लहानपणी आपण त्यातल्या आईकडे बघतो. आता वाचताना मला त्याची मांडणी दिसते. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. आश्रमातले मित्र जमतात, श्याम सांगतो, ते ऐकतात, एखादा प्रश्न विचारतो, मग झोपायला जातात. कैदेत बसलेल्या माणसाला आईची गोष्ट लिहायची होती, तर त्याने आधी ऐकणारे निर्माण केले. आमच्या पायरीवरच्या संध्याकाळी आठवल्या की मला ते फार समजतं.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या, वाचकांमध्ये फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या इथूनच निघाल्या आणि परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत गेल्या. मला त्याचा अभिमान आहे. माझी एकच इच्छा आहे, की पेटी पुढच्या घरी जाताना तिच्यात एक वहीही जावी. आधीच्या घराने कोणतं पुस्तक कुठे थांबून वाचलं, एवढं तिच्यात असलं तरी पुरे.

सध्या मी कृष्णात खोतांची 'रिंगाण' वाचते आहे. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. धरणात गाव गेलेली माणसं दुसरीकडे येऊन राहिली आहेत, आणि एक माणूस मागे राहिलेल्या म्हशीसाठी परत त्या जंगलात जातो. विस्थापितांवर विश्वास पाटलांची 'झाडाझडती' पूर्वी वाचली होती. ती 1991 ची, खूप माणसांची, कचेऱ्यांची, कागदांची मोठी कादंबरी. 'रिंगाण' तिच्या अगदी उलट्या बाजूने जाते. इथे एक माणूस, एक जनावर आणि रान. अजून साठेक पानं राहिली आहेत, म्हणून निकाल देत नाही. पण परवा सकाळी दुकानातला नळ सोडला आणि हात तसाच राहिला. आपल्याला गंगापूर धरणाचं पाणी येतं. नळाखाली बादली भरत असताना धरणाखाली गेलेल्या जमिनीचा विचार मी याआधी कधी केला नव्हता. म्हशीबद्दल मात्र मला कोणीतरी सांगायला हवं. मी जनावरं पाळलेली नाहीत. सोडून दिलेली म्हैस रानात जाऊन किती दिवसांत माणसाला विसरते, की विसरतच नाही? आपल्यात दिंडोरी आणि त्र्यंबककडच्या दोघी आहेत, घरी गोठा असलेल्या. माझी साठ पानं चार दिवसांत संपतील. मग प्रत त्यांच्यापैकी एकीने न्यावी आणि मला म्हशीची बाजू वाचून सांगावी.

बाकी पुस्तकं या टेबलावर ठेवते. शेजारी वही आहे, पेन तिलाच दोऱ्याने बांधलं आहे. नाव उजव्या पानावर लिहा, डाव्या पानावर मापं आहेत.