सुविचाराच्या खाली

(माहितीपटाचं निवेदन. दृश्य : पावसाळ्यातली सकाळ. चहाची टपरी. मागे एस. टी. स्टँडचा गोंगाट, वडापवाल्यांच्या म्हणजे शेअर जीपवाल्यांच्या हाका.)

पावसाळ्यात आमच्या कृष्णाकाठावर कुणालाही विचारा, कोयनेत पाणी किती? टपरीवरचं पोरगं कप विसळता विसळता सांगेल, ''95 झालंय, 105 ला भरतंय.'' हे आकडे टीएमसीतले. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका, हे इथं पाढ्यांसारखं पाठ आहे. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून तर घरातल्या म्हाताऱ्याही क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटलं त्यात, बोलतात.

आता त्याच टपरीवर विचारा, परवा नगरपालिकेची सभा झाली, त्यात काय ठरलं?

पोरगं कप विसळत राहतं.

धरण डोंगराआड आहे. पालिका टपरीच्या समोर.

(दृश्य : चौकातला काळा फळा. खडूची धूळ. एक बाई साडीचा पदर खोचून लिहितेय.)

सांगली जिल्ह्यातलं हे एक लहान शहर. सगळे त्याला अजून गावच म्हणतात. या बाई इथल्या नगरसेविका. गल्ली त्यांना वहिनी म्हणते, आपणही वहिनीच म्हणू. नाव लावायला त्यांनी ठाम नकार दिला. ''नाव घातलं की त्याचा प्रचार होतो,'' म्हणाल्या. गावाचं नावही नको, कारण गावाचं नाव आलं की अर्ध्या तासात त्यांचं नाव कळेल.

हा फळा पालिकेचा नाही. गेली कित्येक वर्षं त्यावर एक निवृत्त शिक्षक रोज सकाळी सुविचार लिहितात. सगळी गल्ली त्यांना गुरुजी म्हणते. वहिनी 2016 च्या निवडणुकीत पहिल्यांदा निवडून आल्या आणि पहिल्या सभेची विषयपत्रिका हातात पडली, तेव्हा त्यांनी सरळ हा फळा पुसला आणि त्यावर विषय लिहून काढले. गुरुजी संतापले. दोन दिवस अबोला. मग तह झाला. वरच्या चार ओळी सुविचाराला, खालचा फळा नगरपालिकेला. आजही तसंच आहे. वर 'उद्योगाचे घरी रिद्धी-सिद्धी पाणी भरी' आणि त्याखाली 'विषय क्र. 4 : पाणीपुरवठ्याचा पंप दुरुस्त करणेबाबत.'

(दृश्य : विषयपत्रिकेचा कागद, जवळून.)

हा कागद नगरसेवकांना सभेच्या आधी घरपोच येतो. नगरपालिका ज्या कायद्याने चालतात तो 1965 चा. सर्वसाधारण सभेची नोटीस किती दिवस आधी निघाली पाहिजे, तिथं काय काय चर्चेला घ्यायचं, हे त्यात लिहिलेलं आहे. सभा लोकांसाठी खुली असते. मागं बसून ऐकता येतं, मध्ये बोलता येत नाही. गावात हे बहुतेकांना माहीत नव्हतं. खेड्यात ग्रामसभेला निदान उभं राहून सरपंचाला विचारायची सवय असते. खेड्याचं शहर झालं की ती सवय जाते आणि तिच्या जागी नगरसेवकाच्या दारातल्या चपला येतात.

विषय लिहिणं सोपं होतं. पण ते वाचून कुणाला काही कळेना. त्यातली मराठी आपली असूनही आपली नाही. उदाहरणार्थ, अंदाजपत्रक. फेब्रुवारीत पालिकेचं वर्षभराच्या जमाखर्चाचं अंदाजपत्रक मांडलं जातं. आणि एका गटाराला खर्च किती येईल, हे इंजिनिअर काढतो, तेही अंदाजपत्रकच. एका बैठकीत तासभर भांडण झालं, ते दोन माणसं दोन वेगळ्या अंदाजपत्रकांबद्दल बोलत होती म्हणून. तेव्हापासून वहिनी पहिल्याला बजेट लिहितात आणि दुसऱ्याला एस्टिमेट. गुरुजींना हे अजून खुपतं.

दुसरा शब्द, कार्योत्तर मंजुरी. गुरुजींनीच विचारलं होतं, ''म्हणजे काम आधीच झालंय?''

''व्हय गुरुजी. झालंय, आता मंजुरी द्यायची.''

''आणि नाही दिली तर?''

वहिनी हसल्या. फळ्यावर त्यांनी कंसात एवढंच लिहिलं : 'काम झालेले आहे.' तेवढ्या तीन शब्दांवरून पालिकेत कुजबूज झाली, असं त्या सांगतात. तातडीचं काम असेल, फुटलेली पाइप असेल, तर कार्योत्तर मंजुरी रास्तच असते. पण कंस वाचून चार लोक विचारतात, तातडी कसली होती? एरवी तो प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही.

(दृश्य : वहिनींचं घर. ओसरीवर पाच-सहा बायका. भाजी निवडणं चालू.)

लोकांना सभेतले विषय नको असतात, हे खरं आहे. त्यांना एकच विचारायचं असतं : ''आमच्या बोळातलं गटार कवा व्हायचं?'' वहिनी म्हणतात, याचं उत्तर देण्याआधी त्या कामाला किती पायऱ्या चढायच्या आहेत ते सांगते. एस्टिमेट, मग ठराव, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. सध्या तुमचं गटार तिसऱ्या पायरीवर आहे. बायका वैतागतात. पण पुढच्या महिन्यात येऊन विचारतात, ''वहिनी, चौथी चढलं का?''

पैशाचंही तसंच. पालिकेकडे पैसे आहेत म्हणता, मग दिवाबत्ती का नाही? वित्त आयोगाच्या पैशाचं वहिनी भिशीवर समजावतात. 15 व्या वित्त आयोगाच्या (2021-26) निधीतला 60 टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता याच कामांसाठी. उरलेला 40 टक्के अबंधित. ''भिशी लागली मैत्रिणीला, ती पेटीत ठेवलीय माझ्या घरात. पेटीत पैसे दिसतात म्हणून मी किराणा भरला तर चालंल का?'' ओसरीवरच्या सगळ्या बायका एकदम नाही म्हणतात. मी दहा भाषणांत बंधित निधी ऐकला होता. कळला इथं, मेथी निवडताना.

आणि तो रस्ता. स्टँडपासून बाजारपेठेतून जाणारा, खड्ड्यांचा. त्यावरून दर पावसाळ्यात नगरसेवकांना शिव्या बसतात. तो पालिकेचा नाही, सार्वजनिक बांधकाम खात्याचा आहे. हे सांगितलं की लोकांना ती पळवाट वाटते, आणि कधी कधी असतेही. म्हणून वहिनींनी प्रभागातल्या रस्त्यांची यादीच लावली : कोणता कुणाचा, तक्रार कुठल्या कचेरीत. यादीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. एक बोळ कुणाच्याच यादीत निघाला नाही. तो पालिकेच्या नोंदीत चढवायलाच सव्वा वर्ष गेलं.

(दृश्य : पालिकेची इमारत, बाहेरून. पायऱ्यांवर बसलेली माणसं.)

प्रभागात नगरसेवक दोन. दुसरे दादा वहिनींच्या आधीपासून राजकारणात मुरलेले. माणूस वाईट नाही. रात्री दोनला दवाखान्यात नेणारा, लग्नाला टँकर पाठवणारा. त्यांनी कॅमेऱ्यासमोर यायचं टाळलं, पण चहा पिताना जे बोलले ते सांगायला त्यांची हरकत नाही. ''वहिनी, सगळं फळ्यावर लिहिल्यावर लोक आपल्या दारात कशाला यायचे?''

या फिल्मसाठी आम्ही बरीच माणसं भेटलो, पण खरं कोडं या एका वाक्यात होतं. दादांची ताकद ते काम करून देतात यात जितकी आहे, तितकीच ते कसं होतं हे एकट्या त्यांना माहीत आहे यात आहे. दाखला कुठल्या टेबलावर अडतो, घरपट्टीवर हरकत कुणाकडे घ्यायची, हे कळलं की माणूस स्वतःच जातो. वहिनींच्या दारात चपला खरंच कमी झाल्या. त्यांच्या यजमानांना हे फारसं आवडलेलं दिसलं नाही.

घरपट्टीचंच घ्या. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, नोटिसा येतात. नोटीस म्हणजे बिल, असं समजून लोक निमूट भरायचे, नाहीतर रागावून ठेवून द्यायचे. थकलं की दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते, वर्षाला 24. सावकारालाही लाज वाटावी. वहिनींनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : 'ही नोटीस आहे, बिल नाही. हरकत घेता येते. सुनावणी होते.' खाली मुदतीची तारीख. बास. त्या आठवड्यात झेरॉक्सवाल्याकडे रांग लागली.

(दृश्य : पुन्हा फळा. विषयांचे आकडे. कॅमेरा 5 वर थांबतो, मग 7 वर.)

आता एक प्रसंग. हा वगळू नका, अशी अट वहिनींनीच घातली.

एकदा विषय लिहून त्या घरी गेल्या. गुरुजी काठी टेकत फळ्यापाशी आले, चष्मा सावरून वाचलं आणि तिथूनच हाक मारली, ''पाचानंतर सात कसे?''

विषय क्रमांक 6 पालिकेच्या गाळ्यांच्या मुदतवाढीचा होता. त्यातला एक गाळा वहिनींच्या दिरांचा.

''विसरले म्हणाले मी,'' वहिनी सांगतात. ''गुरुजी काहीच बोलले नाहीत. खडू पुढं केला फक्त.''

त्यांनी सहावा विषय लिहिला. घरात आठ दिवस जेवणाच्या ताटांचा आवाज तेवढा व्हायचा.

(दृश्य : बंद सभागृह. रिकाम्या खुर्च्या.)

2021 संपता संपता राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांची मुदत संपली. निवडणुका न्यायालयात अडकल्या आणि प्रशासक आले. नगरसेवक माजी झाले. सभा नाही, विषयपत्रिका नाही. ठराव व्हायचे, पण एका माणसाच्या सहीने. जवळपास चार वर्षं.

दादा त्या काळात कामं करून देतच राहिले, त्यांचं सभागृहावाचून अडलं नाही. वहिनींचा मात्र फळ्याचा खालचा भाग कोरा पडला. गुरुजींनी तिथं सुविचार पसरवला नाही, हे सांगायला हवं.

मग त्या माहिती अधिकाराकडे वळल्या. 2005 चा कायदा. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानाला 2 रुपये, उत्तराला 30 दिवस. दर महिन्याला एक अर्ज : गेल्या महिन्यातले प्रशासकीय ठराव द्या. कधी मिळाले, कधी अपिलात जावं लागलं. फळ्यावर बातमी यायची ती दोन महिने शिळी. ''शिळी भाकरी पण भाकरीच की,'' वहिनी म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही. टेंडर निघून गेल्यावर कळलेल्या ठरावाचं माणसानं करायचं काय? पण त्या चार वर्षांत दुसरं कुणी काही सांगत नव्हतं, हेही खरं.

शेवटी 2 डिसेंबर 2025 ला मतदान झालं. दुसऱ्याच दिवशी मोजणी व्हायची, ती उच्च न्यायालयाच्या आदेशाने 21 डिसेंबरवर गेली. अफवांना ऊत आला, कोण म्हणे पेट्या बदलणार. पेट्या नव्हत्याच, मशीन होती. वहिनी स्वतः उमेदवार, तरी फळ्यावर रोज एकच ओळ : 'मोजणी 21 तारखेला. कारण : न्यायालयाचा आदेश.' एकोणीस दिवस तीच ओळ. पुसून पुन्हा लिहिलेली, ताजी.

त्या निवडून आल्या. मागच्यापेक्षा कमी मतांनी. दादाही आले, मागच्यापेक्षा जास्त मतांनी.

(दृश्य : संध्याकाळ. फळ्यासमोर वहिनी, हातात नव्या सभेची विषयपत्रिका. पानं बरीच.)

चार वर्षांचं तुंबलेलं कामकाज. विषय मावेनात. वहिनी अक्षर बारीक करत गेल्या, तरी फळा तळाला टेकला आणि अजून दोन पानं बाकी. त्या थांबल्या. गुरुजी शेजारी खुर्ची टाकून बसलेले. उठले, डस्टर घेतलं, वरच्या चार ओळी पुसल्या आणि परत खुर्चीत बसले.

(आवाज : खडूचा. मागे घंटागाडीचा भोंगा, उद्या पाणी उशिरा येणार आहे.)