पातं थांबेपर्यंत उजेड हवा

(दृश्य: छताला एकच बल्ब. खाली टेबल सॉ, म्हणजे टेबलातून पातं वर येणारी करवत. भिंतीतल्या एका सॉकेटमधून निघालेला एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर, त्यावर भुशाचा थर.)

घरातली सुतारकामाची खोली सहसा आधी दुसऱ्याच कशासाठी बांधलेली असते. गाडी ठेवायला, नाहीतर अडगळ टाकायला. तिथलं वायरिंग एक दिवा आणि एखादं सॉकेट एवढ्याच हिशोबानं केलेलं असतं. मग ड्रिल येतं, हातातली गोल करवत येते, काही काळानं टेबल सॉ, आणि त्यामागोमाग भुसा ओढणारं डस्ट कलेक्टर. यंत्रं एकेक करून वाढत जातात आणि वायर तीच राहते.

ही वायर बदलायला घ्याल तेव्हा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. फळी अर्धी कापून झाली आहे, दोन्ही हात फळीवर आहेत आणि नेमका तेव्हाच एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की सर्किट तोडणारा स्विच, पडतो. दिवाही त्याच सर्किटवर असेल तर खोलीत काळोख होतो. मोटरची वीज तुटली तरी पातं लगेच थांबत नाही, घेतलेल्या वेगावर काही सेकंद फिरतच राहतं. आपली बोटं पात्यापासून किती अंतरावर आहेत, हे त्या सेकंदांत दिसत नाही.

या खोलीचं सगळं वायरिंग या काही सेकंदांसाठी आखायचं, असं माझं ठाम मत आहे. यंत्र चालू असताना जवळपास कुठलंही वायरिंग बरं वाटतं. ते चांगलं आहे की नाही, हे काहीतरी बिघडतं त्या क्षणी कळतं.

(दृश्य: नवा वितरण बोर्ड. दिव्यांचा एमसीबी आणि यंत्रांचे एमसीबी वेगळे.)

म्हणून दिव्यांचं सर्किट यंत्रांपासून वेगळं हवं. इथे एक बारीक गोष्ट सुटून जाते. एमसीबी वेगळे लावले, पण सगळ्यांच्या आधी आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) एकच ठेवला, तर यंत्रातली गळती दिवेही घालवते. दिव्यांना स्वतंत्र आरसीसीबी द्या. आणि साऱ्या घराचीच वीज गेली तर? त्यासाठी बॅटरीवर चालणारा, वीज जाताच आपोआप पेटणारा एक दिवा टेबल सॉच्या वर हवाच.

वीज गेल्यानंतरचा धोका वीज परत येण्यात आहे. साधं बटण असलेल्या यंत्राचं बटण वीज गेल्यावरही चालूच्याच जागी असतं. आपण अडकलेली फळी सोडवायला पात्याजवळ हात नेतो आणि पुरवठा परत येतो. यावर उपाय म्हणजे नो-व्होल्ट स्विच. त्यात एक छोटी कॉइल चालू बटण धरून ठेवते. वीज गेली की पकड सुटते आणि वीज आली तरी हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र हलत नाही. बंद करायचं लाल बटण मोठं असावं, आणि दोन्ही हात फळीवर गुंतलेले असताना गुडघ्यानं किंवा मांडीनं दाबता येईल अशा उंचीवर असावं. वायरिंगच्या खर्चात कुठेही काटकसर करायची असेल तर ती या स्विचमध्ये करू नका.

(दृश्य: मोटरवरची माहितीची पट्टी. कॅमेरा अॅम्पिअरच्या आकड्यावर.)

आता लोड. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट, पण ही मोटरनं बाहेर दिलेली ताकद. आत घेतलेली वीज त्याहून जास्त असते. पुरवठा २३० व्होल्टचा धरला तर २ अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर पूर्ण लोडवर साधारण १० अॅम्पिअर घेते. नेमका आकडा मोटरच्या पट्टीवर छापलेला असतो, हिशोब त्यावरूनच करावा. शेजारी १ अश्वशक्तीचं डस्ट कलेक्टर ५ ते ६ अॅम्पिअर घेतं. दोन्ही एकाच वेळी चालतात, चालायलाच हवीत. म्हणजे १६ अॅम्पिअरचं एक सर्किट या दोघांतच भरलं.

खोलीत यंत्रं कितीही असली तरी एकटा माणूस एका वेळी एकच यंत्र चालवतो. त्यामुळे सगळ्यांची बेरीज करून घाबरायचं कारण नाही. सर्वांत मोठं यंत्र, त्याच्याबरोबर डस्ट कलेक्टर, दिवे आणि स्वतःहून चालू होणारा कॉम्प्रेसर असेल तर तो, एवढ्याची बेरीज पुरते. मोठ्या यंत्राला स्वतंत्र सर्किट, डस्ट कलेक्टरला स्वतंत्र, आणि बाकवरच्या हातयंत्रांना एक किंवा दोन.

खरी परीक्षा मोटर सुरू होताना होते. थांबलेली मोटर क्षणभर पूर्ण लोडच्या पाच ते सात पट करंट ओढते. १० अॅम्पिअरच्या मोटरसाठी हा आकडा ५० ते ७० होतो. एमसीबीचे प्रकार इथे उपयोगी पडतात. बी प्रकार त्याच्यावर छापलेल्या करंटच्या तीन ते पाच पटीला तत्काळ पडतो, सी प्रकार पाच ते दहा पटीला, आणि डी प्रकार दहा ते वीस पटीला. यंत्र सुरू करताना बी प्रकारचा एमसीबी वारंवार पडत असेल तर मोठ्या अॅम्पिअरचा एमसीबी बसवण्याचा मोह होतो. तो टाळाच. एमसीबी वायरचं रक्षण करतो. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला, तर एमसीबी पडण्याआधी वायर तापते. अॅम्पिअर तेच ठेवून सी प्रकार बसवणं हा बरोबर मार्ग.

(दृश्य: दीड, अडीच आणि चार स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरी शेजारी शेजारी.)

सुरू होण्याच्या त्या क्षणी वायरची जाडीही बोलते. बोर्डपासून यंत्र २० मीटर दूर आहे असं धरू. करंट जाऊन परत येतो, म्हणून वायर ४० मीटर. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीचा एवढ्या लांबीला रोध जवळपास अर्धा ओहम. ६० अॅम्पिअर ओढले गेले की वायरमध्येच २९ व्होल्ट खर्च होतात आणि मोटरपर्यंत २०० च्या आसपासच पोचतात. सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे जोर जवळजवळ पाव हिश्शानं घटला. मोटर घुमते, वेग घ्यायला वेळ लावते, तेवढा वेळ जास्त करंट ओढते आणि तापते. हीच वायर चार स्क्वेअर एमएमची असेल तर ११ व्होल्ट जातात, जोर दहा टक्क्यांच्या आत घटतो. यंत्र जुनं झालं म्हणून कुरकुरतं असं आपण म्हणतो. अनेकदा ते उपाशी असतं.

अंगठ्याचा नियम म्हणून दिव्यांना दीड, १६ अॅम्पिअरच्या सॉकेटना अडीच, आणि मोठ्या किंवा दूरच्या यंत्राला चार स्क्वेअर एमएम. गुंडाळलेली एक्स्टेन्शन केबल मोठ्या यंत्राला लावायची नाही. वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि इन्सुलेशन मऊ होतं.

जाड वायर घेतली पण जोड ढिला राहिला तर सगळं व्यर्थ. ढिल्या स्क्रूखाली एक दशांश ओहमचा रोध तयार झाला आणि त्यातून १५ अॅम्पिअर गेले, तर त्या एवढ्याशा जागेत साडेबावीस वॉट उष्णता निघते. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी. आणि ती सॉकेटच्या आत, भुशाशेजारी. बारीक तारांच्या टोकाला फेरूल किंवा थिंबल दाबून बसवा, स्क्रू नीट आवळा, आणि काही आठवड्यांच्या वापरानंतर मेन बंद करून पुन्हा एकदा आवळून पाहा. यंत्रांच्या थरथरीनं स्क्रू सैल होतात.

अर्थिंगबद्दल थोडक्यात, कारण इथे चर्चेला जागाच नाही. प्रत्येक यंत्राच्या लोखंडी अंगाला अर्थ वायर हवी, आणि माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी हवा. आरसीसीबी जास्तीचा लोड ओळखत नाही, त्यामुळे एमसीबीच्या जागी तो चालणार नाही. यंत्राला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह, लावला असेल तर साधा एसी प्रकारचा आरसीसीबी पुरेलच असं नाही. व्हीएफडीच्या माहितीपत्रकात सांगितलेला प्रकार बघून घ्या.

(दृश्य: भिंतीला टेकवून आडवी उभी केलेली प्लायवुडची शीट. तिच्या वरच्या कडेच्या जरा वर सॉकेटची रांग.)

सॉकेट किती उंचीवर? प्लायवुडची आठ बाय चार फुटांची शीट लांब बाजूवर उभी केली की ती १२२० मिलिमीटर उंच होते. सॉकेट १३०० मिलिमीटरवर बसवले तर शीट टेकवून ठेवली तरी ते उघडे राहतात, आणि बाकवरची अवजारंही त्यांना झाकत नाहीत. या खोलीत पाइप भिंतीवरूनच न्यावेत असं मला वाटतं. यंत्रांच्या जागा बदलतात, नवं यंत्र येतं, आणि दर वेळी भिंत फोडणं परवडत नाही. खोलीच्या मधोमध असलेल्या टेबल सॉची वायर जमिनीवर मोकळी पडता कामा नये. फरशी नव्यानं करत असाल तर खालून पाइप टाका. नसाल तर छतावरून सोडा, पण फळीच्या वाटेत येणार नाही अशा बाजूनं.

लाकडाची बारीक धूळ पेटते, आणि ती प्रत्येक फटीत शिरते. जोडांच्या डब्या झाकणबंद, पाइपची तोंडं बुजवलेली, बोर्ड आणि फिटिंग धूळ रोखणारे. आयपी या खुणेनंतरचा पहिला आकडा धुळीचा असतो. ५ म्हणजे नुकसान होईल इतकी धूळ आत जात नाही, ६ म्हणजे अजिबात जात नाही. हॅलोजन दिवे मात्र या खोलीत आणूच नका, त्यांच्या काचेवर धूळ जळते.

(दृश्य: जुना बल्ब बंद होतो. एलईडी ट्यूबच्या रांगा एकेक करून पेटतात.)

आता उजेड, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे. लाकडाच्या यंत्रांवर काम करायला ५०० लक्सचा उजेड असावा असं युरोपीय मानक सांगतं. लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्यूमेन. ४ बाय ६ मीटरची खोली २४ चौरस मीटर. ५०० नं गुणलं की १२,०००. पण सगळा उजेड बाकवर पोचत नाही. भिंती गिळतात, धूळ गिळते, दिवेही जुने होतात. त्यासाठी दुप्पट धरावं, म्हणजे २४,००० ल्यूमेन. २,००० ल्यूमेनची एक ट्यूब धरली तर बारा ट्यूब. आकडा जास्त वाटतो, पण पेन्सिलीची रेघ आणि पातं यांचा मेळ पाहायला तो लागतो. छत आणि भिंती पांढऱ्या केल्या तर याच ट्यूब आणखी उजेड देतात.

दिवे कुठे लावायचे हे तितकंच महत्त्वाचं. आपल्या पाठीमागे दिवा असला की आपलीच सावली कामावर पडते. म्हणून बाकच्या वर, कामाच्या पुढच्या कडेच्या रेषेत एक रांग, आणि टेबल सॉच्या दोन्ही बाजूंना एकेक. लांब ट्यूबची सावली मऊ पडते, बल्बची टोकदार.

उजेडाचा सगळ्यात फसवा दोष मात्र लुकलुकणं. ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यावर जुनी चोकची ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा कमीजास्त होते, आणि हलक्या ड्रायव्हरचे एलईडीही. डोळ्यांना ते जाणवत नाही. आता ४० दातांचं पातं मिनिटाला २८५० फेऱ्या घेतंय असं धरा. सेकंदाला १९०० दात पुढे जातात. दोन उजेडांच्या मध्ये बरोबर १९. प्रत्येक उजेडात एका दाताच्या जागी तसाच दुसरा दात दिसतो, आणि पूर्ण वेगातलं पातं थांबल्यासारखं किंवा हळू सरकल्यासारखं वाटतं. खोलीत दुसरं यंत्र गरजत असेल तर आवाजानंही उलगडा होत नाही.

(दृश्य: दिव्याखाली वेगानं हलवलेली पांढरी काडी. एका दिव्याखाली सलग पट्टा, दुसऱ्याखाली वेगवेगळ्या काड्या.)

ही चाचणी घरीच करता येते. अंधाऱ्या पार्श्वभूमीसमोर पांढरी काडी भराभर हलवा. सलग पट्टा दिसला तर दिवा ठीक, सुट्या काड्या दिसल्या तर लुकलुकतो. असा दिवा यंत्राच्या वर नको.

रंग आणि पॉलिशच्या कामासाठी ४००० ते ५००० केल्विनचा, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त असलेला दिवा घ्यावा, नाहीतर दोन फळ्यांच्या छटांतला फरक बाहेर उन्हात नेल्यावर कळतो. सँडिंगचे ओरखडे शोधायला वरचा उजेड उपयोगाचा नाही. एक हलता दिवा पृष्ठभागाच्या जवळजवळ समांतर धरा, प्रत्येक ओरखडा आपली सावली टाकतो.

(दृश्य: वायरमन मेन स्विचला कुलूप लावतो.)

आराखडा आपण काढावा, जोडणी मात्र परवानाधारक वायरमनकडून. मेन बंद, त्याला कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटवर तपासायचा, मग ज्यावर काम करायचं त्या वायरवर, आणि शेवटी पुन्हा चालू सॉकेटवर, म्हणजे मधल्या वेळात टेस्टरच बंद पडला नव्हता याची खात्री होते.

काम झाल्यावर यंत्रं आणि दिवे सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरनं इन्सुलेशन तपासलं जातं, रोध किमान १ मेगओहम हवा. मग प्रत्येक सॉकेटचा अर्थ, आणि आरसीसीबीचं चाचणी बटण. त्यानंतर टेबल सॉ फळीशिवाय चालू करून त्याचा एमसीबी हातानं पाडा. दिवे तसेच राहिले पाहिजेत. एमसीबी पुन्हा वर करा. यंत्र गप्प राहिलं पाहिजे. दोन्ही जमलं की बोर्डवर प्रत्येक एमसीबीखाली यंत्राचं नाव लिहून घ्या, आणि पुढच्या यंत्रासाठी दोन जागा मोकळ्या ठेवा.