कर्ज देणाऱ्याने खाडीवर पाहणीला यायला हवं

मंडळी, माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षं याच जिल्ह्यात शेतीकर्जाच्या टेबलावर. हापूसच्या कलमांसाठी कुणी कर्ज मागायला आला की आम्ही सातबारा, आठ अ, नो ड्यूज, दोन जामीन मागायचो आणि एवढं करूनही मंजुरीआधी बागेत जायचो, कलमं मोजायचो, पाणी कुठून आणणार विचारायचो, गडग्यापलीकडच्या शेजाऱ्याला विचारायचो की वाटेवरून काही भांडण आहे का. दोन-तीन लाखांच्या कर्जाला एवढी पाहणी. मग जी बँक एका प्रकल्पाला हजारो कोटी देते ती इथे खाडीवर येऊन शेजाऱ्याला विचारते का, हा माझा आजचा प्रश्न आहे.

सार्वजनिक विकास बँका म्हणजे सरकारांच्या मालकीच्या, लोकांच्या पैशावर उभ्या असलेल्या बँका. वर्ल्ड बँक, एडीबी म्हणजे आशियाई विकास बँक, जपान सरकारची मदतसंस्था जायका, आपली नाबार्ड, रस्ते-वीज अशा पायाभूत कामांना कर्ज द्यायला २०२१ च्या कायद्याने झालेली नॅबफिड, या सगळ्या त्यातच येतात. नोव्हेंबर २०२० मध्ये पॅरिसला अशा बँकांची परिषद झाली तेव्हा जगभरात त्या साधारण ४५० आहेत आणि जगातल्या एकूण गुंतवणुकीतला दहावा हिस्सा त्यांच्यातून जातो असं सांगितलं गेलं. दहावा हिस्सा म्हणजे केवढा बघा.

आणि आपल्याला हे नवीन नाही. अंजनवेलचा प्रकल्प, म्हणजे एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प आठवा. वर्ल्ड बँकेने १९९३ मध्ये या प्रकल्पाचा हिशोब तपासला आणि वीज महाग पडेल, एवढी लागणारही नाही म्हणून पैसे द्यायला नकार दिला. तरी पैसे आलेच. अमेरिकन सरकारच्या एक्झिम बँकेने दिले, परदेशातल्या गुंतवणुकीला पैसे देणाऱ्या त्यांच्याच ओपिक या सरकारी संस्थेने दिले, आपल्या आयडीबीआयने, स्टेट बँकेने दिले. लोकांचा प्रकल्पाला विरोध होता, तर जून १९९७ मध्ये पोलीस पहाटे शेजारच्या वेलदूर गावात घराघरात शिरले, बायकांना मारत बाहेर काढून नेलं, ते ह्युमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेच्या १९९९ च्या अहवालात नोंदलेलं आहे. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये बंद पडली. वेलदूरच्या त्या बायकांनी तेव्हा कर्ज देणाऱ्याकडे दाद मागायची म्हटलं असतं तर कुठे मागायची? ओपिककडे तेव्हा तक्रारीसाठी वेगळं ऑफिसच नव्हतं, ते नंतर झालं.

वर्ल्ड बँकेकडे मात्र एक दार होतं, आणि ते उघडलं नर्मदेच्या लोकांनी. सरदार सरोवराला बँकेने कर्ज दिलं, लोक वर्षानुवर्षं लढले, १९९२ मध्ये बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने पुनर्वसन नीट होत नाहीये असं स्पष्ट लिहिलं, १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं आणि त्याच वर्षी बँकेला इन्स्पेक्शन पॅनल, म्हणजे प्रकल्पाची झळ बसलेल्यांच्या तक्रारी तपासणारी स्वतंत्र समिती, नेमावं लागलं. म्हणजे आज जगात कुठेही कुणी वर्ल्ड बँकेविरुद्ध अर्ज करतो तो या आपल्या माणसांनी उघडलेल्या दारातून आत जातो, मला याचा फार अभिमान वाटतो.

या दाराचा उपयोग झालेलाही आहे. मुंबईत सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडमध्ये ज्यांची दुकानं जाणार होती त्यांनी २००४ मध्ये पॅनलकडे तक्रार केली, चौकशी झाली आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्त्याचे आणि पुनर्वसनाचे पैसे थांबवले, जूनअखेर सोडले. ते तीन-चार महिने पैसे अडले म्हणून सरकारी टेबलं हलली. पैसा अडला की ऐकतात, हे मी बँकेतला माणूस म्हणून सांगतो.

पण मुंद्र्याचं ऐका, कारण ती गोष्ट आपल्यासारख्याच किनाऱ्याची आहे. कच्छमध्ये ४००० मेगावॉटच्या कोळशाच्या प्रकल्पाला वर्ल्ड बँक गटातल्या, खासगी कंपन्यांना कर्ज देणाऱ्या आयएफसीने २००८ मध्ये ४५ कोटी डॉलर कर्ज दिलं. तिथले मच्छीमार हंगामात किनाऱ्यावर येऊन राहतात, पायी मासेमारी करतात, मासळी वाळत घालतात. २०११ मध्ये त्यांनी तक्रार केली, २०१३ मध्ये आयएफसीच्याच तक्रार विभागाने लिहून दिलं की या हंगामी लोकांचा नीट विचार झाला नव्हता. आयएफसीने तरी हवं तसं काही केलं नाही. मग हे लोक अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेले, २०१९ मध्ये जॅम विरुद्ध आयएफसी या खटल्यात सात विरुद्ध एक असा निकाल लागला की अशा संस्थांना सरसकट कोर्टाबाहेर राहता येणार नाही. केवढा मोठा निकाल! आणि पुढे खालच्या कोर्टाने म्हटलं की हा मामला मुळात भारतात घडलेला, इथे चालणार नाही, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही परत ऐकायला नकार दिला. चूक झाली हे लिहून मिळालं, भरपाई नाही मिळाली. म्हणून माझं म्हणणं आहे की कर्ज देतानाच भरपाईसाठी पैसे बाजूला ठेवायला लावले पाहिजेत, नुसता चौकशी अहवाल पुरत नाही.

दुसरं, हंगामी लोक मोजलेच गेले नाहीत हे का झालं? कारण खाडीला सातबारा नसतो. आपल्याकडे ओहोटीला दगडावरची कालवं काढायला, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या काढायला ज्या बायका जातात त्यांचं नाव कुठल्या कागदावर आहे? वर्ल्ड बँकेचे नियम सांगतात की जमिनीचा कागद नसला तरी ज्याची रोजीरोटी जाते त्याला धरायचं, पण आधी तो आहे हे दिसायला तर हवं.

आणि आपल्या देशी बँका? बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे जायचं तर आधी त्या बँकेचं ग्राहक असावं लागतं. जिची कालवं गेली ती ग्राहक कुठे असते, कर्जदार तर कंपनी आहे. नर्मदेच्या लोकांनी वॉशिंग्टनमध्ये जे दार उघडलं तसं मुंबईतही हवं, नॅबफिडला हवं, स्टेट बँकेला हवं, आणि ते मागायचा हक्क आपला आहे कारण पैसा आपला आहे.

मगाशी ताईंनी विचारलं की इंग्रजी येत नाही, अर्ज कसा करायचा. वर्ल्ड बँकेच्या पॅनलकडे अर्ज मराठीतही चालतो, दोन माणसं असली तरी पुरतं, नाव गुप्त ठेवा म्हटलं तर ठेवतात. आणि मुदत असते, पूर्वी ९५ टक्के पैसे वाटले गेले की दार बंद व्हायचं, २०२० नंतर कर्जवाटप बंद झाल्यावर १५ महिन्यांपर्यंत केलं आहे, पण तोपर्यंत थांबू नका, पैसे वाटले जायच्या आधीच विचारा. प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीआधी जी जनसुनावणी होते तिची नोटीस ३० दिवस आधी लागते, त्या ३० दिवसांत पैसे कोण देतंय हे लेखी विचारा.

त्याआधी एक काम करायचं आहे. उद्याच्या ओहोटीला मी वही घेऊन जेट्टीवर येतो, कोण कुठल्या दगडावर किती वर्षं कालवं काढतं, कुणाची मासळी कुठे वाळते, सगळं लिहून घेऊ, प्रत्येकीची सही किंवा अंगठा घेऊ.