आधी वाळण्याचा हिशोब

(ग्रामीण विदर्भातल्या चित्रकला शिक्षकांसमोर आणि विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, इथं बसलेल्या बहुतेकांनी एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा जलरंगात नाहीतर पोस्टर रंगात दिल्या असतील. त्या रंगातलं पाणी उडालं की काम वाळलं. आज बोलायचंय ते तेलरंगांबद्दल. त्यात जवसाचं तेल असतं, आणि ते उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. त्याला दिवस लागतात, आणि प्रत्येक रंगाला वेगवेगळे. तेव्हा खालचं आधी वाळलं पाहिजे आणि वरचं नंतर, हा हिशोब पहिल्या दिवशीच मांडायचा.

एक विषय घेऊ: वेचणीला आलेली पऱ्हाटी म्हणजे कपाशी, मागं धुरा म्हणजे शेताचा बांध, धुऱ्यावर बाभूळ. कॅनव्हास 24 × 36 इंचांचा.

वावरात कॅनव्हास नेऊ नका, वही न्या. कललेलं ऊन तासाभरात बदलतं. एवढं मोठं चित्र तेवढ्यात होत नाही. 4 × 6 इंचांच्या चौकटीत फक्त तीन छटांत आराखडा करा: उजळ, मधली, गडद. इथं हमखास फसगत होते ती कापसाची. कापूस पांढरा, म्हणून तोच सर्वांत उजळ, असं आपण धरून चालतो. पण सूर्य समोर असेल तर बोंडं आपल्या बाजूनं सावलीत असतात; राखाडी-निळसर, आकाशापेक्षा गडद. डोळे बारीक करून पाहा आणि पाहिलेली छटा वहीत शब्दांत लिहून ठेवा. आराखड्यावर एक-एक इंचाच्या 24 चौकटी पाडल्या, की कॅनव्हासवर त्याच सहा-सहा इंचांच्या होतात.

कापडाबद्दल थोडं. मांजरपाट स्वस्त पडतो, पण ताणला तरी सैल होतो. तो प्लायवर चिकटवलेला बरा. कोऱ्या कापडावर थेट तेलरंग लावला तर तेल धाग्यात शिरतं आणि कालांतरानं कापड ठिसूळ होतं. पूर्वी सरस लावत, पण सरस पावसाळ्यात ओल धरतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि त्या ओढाताणीत वरचा रंग तडकतो. आपल्याकडच्या हवेला अॅक्रिलिक प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा अस्तराचा हात, सोयीचा. दोन-तीन हात द्या, मधे बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि दोन-तीन दिवस थांबा.

पहिला थर बर्न्ट अंबर या तपकिरी रंगाचा, टर्पेंटाइननं पातळ केलेला. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो लवकर वाळतो. आता काळी जमीन. तिच्यासाठी हात हमखास आयव्हरी ब्लॅककडे जातो, आणि चित्र तिथंच बिघडतं. आयव्हरी ब्लॅक फार उशिरा वाळतो. तो खाली थापला आणि वर लवकर वाळणारे रंग चढवले, की वरचा थर कडक, खालचा अजून हलता, भेगा पडणारच. शिवाय तो रंग मेलेला दिसतो. आपली जमीन तशी नसते, ढेकळांवर आकाशाचा निळा पडलेला असतो. बर्न्ट अंबर आणि निळा अल्ट्रामरीन मिसळा. वाळायलाही बरं, दिसायलाही.

दुसऱ्या थराला दोन भाग टर्पेंटाइन, एक भाग जवसाचं तेल. तिसऱ्याला निम्मं-निम्मं. खालचं आधी वाळावं म्हणून प्रत्येक थरात तेल खालच्यापेक्षा थोडं जास्त हवं, पण थोडंच. ओतलं तर वर सुरकुत्या येतात. सर्वांत उजळ बोंडांसाठी टिटॅनियम व्हाइट, जाडसर, अगदी शेवटी आणि मोजक्या ठिकाणी. झिंक व्हाइटचे जाड थर ठिसूळ होतात.

तेल कुठलं, हा प्रश्न येतोच, कारण जवस आपल्याच भागात पिकतो. घाण्याचं तेल चटणीवर घ्या. त्यात चिकट अंश राहतो. ते उशिरा वाळतं आणि जास्त पिवळं पडतं. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ दारं-खिडक्यांसाठी ठीक. चित्रावर त्याची वरून साय धरते आणि आत ओलं राहतं. रंगांच्या दुकानातलं शुद्ध केलेलंच तेल घ्या. टर्पेंटाइनच्या जागी रॉकेलही नको, मागं तेलकटपणा ठेवतं.

मे महिन्यात चित्र वाळावं म्हणून कुणी उन्हात ठेवतं. चौकट वाकते. बंद अंधाऱ्या खोलीत ठेवलं तर तेल पिवळं पडतं. उजेडाची, वारा खेळणारी भिंत पुरे. आणि तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका: तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवा. घरात कापूस साठवलेला असेल तर दुप्पट काळजी.

व्हार्निश सहा महिने ते वर्षभरानं. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा कोपऱ्यात हलकेच फिरवा. रंग आला, तर अजून थांबा. त्याआधी प्रदर्शनासाठी एसटीनं नागपूरला न्यायचं असेल तर चित्रावर प्लॅस्टिक गुंडाळू नका, ते चिकटतं. एका मापाची दोन चित्रं समोरासमोर धरा, चारही कोपऱ्यांत अर्ध्या इंचाचे लाकडी तुकडे ठेवा आणि बाहेरून सुतळीनं बांधा.