मंदीत बिल कुणाचं थांबतं?

मित्रहो, आयोजकांनी मला 'मंदी आणि आपला कामगार' असा विषय दिलाय. माझी हयात कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या छोट्या कारखान्यांचे हिशेब लिहिण्यात गेली. त्यामुळं अर्थशास्त्राच्या पुस्तकातली मंदी सांगायला मी योग्य माणूस नव्हे. पगारवहीत ती कशी उतरते, तेवढं सांगू शकतो.

आधी ओव्हरटाइमचा रकाना रिकामा पडायला लागतो. मग उचलीचा रकाना भरायला लागतो. ज्या माणसानं एरवी गणपतीला आणि पोरांच्या शाळेच्या वेळी, अशी वर्षातनं दोनदा उचल घेतली असती, तो दर पंधरा दिवसांनी हजार-पाचशे मागतो. पगाराची तारीख सातावरून दहावर जाते, दहावरून पंधरावर. आणि एखाद्या महिन्यात हजेरीतलं एक नावच दिसत नाही. कुणी काढलं, असं विचारलं तर मालक म्हणतो, 'काढलं न्हाई ओ, काम आलं की बोलावतो म्हणून सांगितलंय.' वहीत या वाक्याला रकाना नसतो.

आपल्याकडं मंदी बहुतेक वेळा बाहेरून येते. कोल्हापूरचं कास्टिंग, म्हणजे धातू ओतून केलेले भाग, ट्रक, ट्रॅक्टर, मोटारी आणि पंपांत जातं. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं ट्रकच्या ॲक्सलवर घालायच्या वजनाची मर्यादा वाढवली. म्हणजे आहे त्याच ट्रकमध्ये जास्त माल नेता यायला लागला. वाहतूकदाराच्या दृष्टीनं निर्णय चांगलाच होता. पण जुन्या गाड्यांवर भागायला लागल्यावर नवा ट्रक कोण घेणार? त्यात कर्जं महागली, पुढं बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे नवे नियम येणार म्हणून गिऱ्हाईक थांबलं. २०१९ मध्ये शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्रीवाल्यांच्या, म्हणजे ओतकाम करणाऱ्यांच्या, ऑर्डरी आटल्या. आणि त्याच ऑगस्टमध्ये पंचगंगेनं शिरोलीजवळचा पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद पाडला. ज्याच्याकडं थोडीफार ऑर्डर होती, त्याला मालही पोचवता येईना. यात मोल्डिंगवर, म्हणजे साचे भरायला, उभा राहणाऱ्या माणसाची चूक कुठली? काहीच नाही. पण पहिली हजेरी त्याचीच कापली गेली.

आता मुद्द्यावर येतो. मंदीत कामगाराला मदत करा म्हटलं की मोठी कंपनी धान्याची किट वाटते, फोटो येतो. वाटू दे, माझी तक्रार नाही. पण त्याच कंपनीचं पर्चेस खातं त्याच महिन्यात साठ दिवसांचं पेमेंट नव्वदवर नेतं. तिला कास्टिंग देणारी फौंड्री मग मशिनिंगवाल्याला शंभर-सव्वाशे दिवस लावते. मशिनिंगवाला ग्राइंडिंगवाल्याला म्हणतो, 'वरनं आलं की देतो.' ग्राइंडिंगवाल्याच्या खाली कोण उरलं? त्याची दोन पोरं. त्यांच्या खाली कुणीच नाही. म्हणून मोठ्या उद्योगानं कामगारांसाठी करायची पहिली गोष्ट त्याच्या स्वतःच्या गेटाबाहेर आहे, असं मला वाटतं. त्यानं छोट्यांची बिलं वेळेवर द्यावीत.

आकडेच मांडतो. समजा, उद्यमनगरात सहा जणांचं एक मशिन शॉप, म्हणजे छोटा कारखाना, आहे. रोज सहाशे रुपये, आठवड्याला सहा दिवस. आठवड्याचा पगार २१,६०० रुपये. काम एक तृतीयांश घटलं. सरळ हिशेब करणारा दोघांना घरी बसवतो, पगार १४,४०० वर येतो. दुसरा रस्ता असा की सहाही जण ठेवायचे, प्रत्येकाला चार दिवस काम द्यायचं आणि बसून काढलेल्या दोन दिवसांचा निम्मा पगार द्यायचा. प्रत्येकाला ३,६०० ऐवजी ३,००० मिळतात, मालकाचे जातात १८,०००. म्हणजे सहा घरं चालू ठेवायला मालकाला आठवड्याला ३,६०० रुपये जादा लागतात, महिन्याला साधारण साडेपंधरा हजार.

हे कुठून आणायचे? याच शॉपचे सहा लाख वरच्यांकडं अडकलेत आणि तेवढीच सीसी, म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज, त्यानं बारा टक्क्यांनी वापरलीय, असं धरा. महिन्याचं व्याज झालं सहा हजार. बिल वेळेवर आलं तर हे सहा हजार तिथल्या तिथं सुटतात. उरलेले साडेनऊ हजार मालकाच्या खिशातनं जाणार, ते मी झाकून ठेवत नाही. पण काम परत आल्यावर नवा पोरगा मशिनवर उभा करून बघा. कास्टिंगमधलं बोअर, म्हणजे भोक, मिलिमीटरच्या शतांशानं मोठं झालं की पीस रिजेक्ट. मजुरी गेलीच, वर फौंड्रीवाला कास्टिंगच्या किमतीची डेबिट नोट फाडतो, म्हणजे तेवढे पैसे बिलातनं कापतो. अशा पाच-दहा नोटा आल्या की साडेनऊ हजाराचं काय वाटत नाही. हात बसलेला माणूस एकदा रिक्षावर किंवा सिक्युरिटीत गेला की तो परत येईलच असं नाही.

कायदा काय म्हणतो? ले-ऑफ दिला, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलं, तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई द्यायची, हे जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. पण ते पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला. कपात करायला सरकारची परवानगी लागण्याची अट पूर्वी शंभर कामगारांवर होती, आता तीनशेवर गेली. म्हणजे माझ्या सहा जणांच्या शॉपला यातलं काहीच लागू नाही. तिथं मालकाची नियत हाच कायदा.

ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, दहा माणसांपासून लागतं, पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर. नोकरी गेलेल्या विमाधारकाला रोजच्या सरासरी कमाईचा काही भाग नव्वद दिवसांपर्यंत द्यायची योजना तिथं २०१८ मध्ये आली. आधी हा भाग पंचवीस टक्के होता, २०२० मध्ये पन्नास टक्के केला. अटी आहेत, खेटे आहेत, पण पैसे आहेत. आता गंमत बघा. आपल्याकडं नऊ माणसं हजेरीवर आणि बाकीची नोंदीबाहेर नुसत्या चिठ्ठीवर, असे किती कारखाने आहेत! (हशा) हसताय म्हणजे माहीत आहेत. तेजीत मालकानं वाचवलेले ईएसआयच्या वर्गणीचे सव्वातीन टक्के मंदीत त्या चिठ्ठीवरच्या माणसाला फार महागात पडतात.

छोट्यांच्या बाजूचा एक कायदा मात्र आहे आणि तो धूळ खात पडलाय. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचं. करार नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी परिषदही आहे. मग कुणी जात का नाही? कारण तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरात एक पाचर मारली गेली, की मुदत उलटलेलं बिल ज्या वर्षी प्रत्यक्ष दिलं त्याच वर्षीच्या खर्चात धरता येईल. त्या मार्चमध्ये वर्षानुवर्षं थकलेले चेक निघालेले मी पाहिलेत. काही ठिकाणी मात्र 'तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) रद्द करा, मग काम देतो' असंही सांगितलं गेलं. तेव्हा संघटनांनी एकट्या सभासदाला पुढं करू नये, संघटनेच्या लेटरहेडवर यादी करून थकबाकी मागावी. एकट्याची ऑर्डर तोडता येते, तीस जणांची तोडली तर कंपनीचीच लाइन थांबते.

जर्मनीनं २००९ मध्ये काय केलं ते थोडक्यात सांगतो. अर्थव्यवस्था पाच टक्क्यांहून जास्त आकसली, पण बेकारी फारशी वाढली नाही. कंपन्यांनी माणसं न काढता तास कमी केले आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचे साठ टक्के, मुलंबाळं असतील तर सदुसष्ट टक्के सरकारच्या विमा निधीतून दिले. ऐन भरात जवळजवळ पंधरा लाख लोक या योजनेत होते. आपल्याकडं एवढा निधी नाही. पण महाराष्ट्रानं १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी केली, १९७७ मध्ये कायदा केला. दुष्काळात खेड्यातल्या माणसाला काम मागायचा हक्क मिळाला; मंदीत शिरोलीच्या माणसाला तो अजून नाही. ही मागणी कामगार आणि छोटे मालक यांनी मिळून करावी.

इचलकरंजीचा यंत्रमाग आणि हुपरीचं चांदीकाम यांचं दुखणं थोडं वेगळं. तिथं जेवढं काम तेवढी मजुरी, म्हणून माग थांबला की ले-ऑफ हा शब्दही लागत नाही. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

आपण गिऱ्हाइकांनी काय करायचं? 'स्थानिक माल घ्या' हे ठीक. चप्पल लाइनीत जाऊन कोल्हापुरी घ्या, जरूर घ्या, भौगोलिक मानांकनाचा टॅग बघून घ्या. पण शिंप्याची शिलाई, खानावळीची महिन्याची थकबाकी, प्लंबरचे राहिलेले सातशे रुपये आधी द्या. पर्चेस खात्याला नावं ठेवणारे आपणही दुकानदाराला 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणतोच.

एक चिठ्ठी आलीय. 'फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) ठेकेदाराची परप्रांतीय पोरं आहेत, ती स्थानिक कामगारांत धरायची का?' माझं उत्तर, हो. ती इथं राबतात, इथल्या खानावळीत जेवतात, धूळ इथली खातात. ठेकेदारानं त्यांचा पगार बुडवला तर मूळ मालकाला तो द्यावा लागतो, ही कायद्याची तरतूद आहे. आणि 'वन नेशन वन रेशन कार्ड'मुळं त्यांच्या गावाकडच्या कार्डावर इथल्या दुकानातही धान्य मिळतं. हे त्या पोरांना बहुधा कुणी सांगितलेलं नसतं. फौंड्रीच्या नोटीस बोर्डावर हिंदीत एक कागद लावायला कुठल्याच मालकाला मंदीची अडचण येऊ नये. पुढची चिठ्ठी द्या.