डोळे मिट आणि सांग, काय दिसतंय?

सहा-सात वर्षांचं पोर चिडलंय. मुठी आवळल्यात, श्वास फुललाय, आणि मोठी माणसं चारी बाजूंनी सांगतायत, शांत हो, आधी रडणं थांबव बघू. पण थांबवायचं कसं हे कुणीच सांगत नाही. मेंदूचा जो पुढचा भाग रागाला आवर घालतो तो पूर्ण तयार व्हायलाच माणसाची पंचविशी येते, आणि हे पोर तर अजून पहिली-दुसरीत आहे.

या वयात एक गोष्ट मात्र भरपूर असते, कल्पना करायची ताकद. खाटेची बस होते, उशीचं बाळ होतं. गाइडेड इमेजरी नावाच्या पद्धतीत तीच ताकद वापरतात, मोठं माणूस हळू आवाजात बोलत मुलाला मनातल्या एखाद्या जागी घेऊन जातं, तिथलं दिसणं, आवाज, वास, स्पर्श सगळं अनुभवायला लावतं, आणि शरीर त्या चित्राला खरंच साथ देतं. चिंच नुसती आठवली तरी तोंडाला पाणी सुटतं ना, तसंच.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या संशोधकांनी 2009 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारखं पोट दुखणारी, पण तपासण्यांमध्ये काहीच न सापडणारी 6 ते 15 वयाची 34 मुलं. त्यातल्या काहींना नेहमीच्या उपचारांसोबत घरी ऐकायला रेकॉर्डिंग दिली, हातात एक चमकणारी वस्तू वितळतेय, आता तो हात पोटावर ठेव, ऊब आत पसरू दे, असं काहीसं. दोन महिन्यांनी त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांचं दुखणं चांगलंच कमी झालं, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण साधारण पाव होतं. अभ्यास छोटा आहे हे खरं, पण शाळेच्या भीतीने सकाळी पोट धरून बसणारी मुलं आपल्याही घरात असतात म्हणून तो सांगावासा वाटला.

आता ऑनलाइन असे तयार ऑडिओ ढिगाने मिळतात आणि बऱ्याच ठिकाणी तोच समुद्रकिनारा, तीच पांढरी वाळू. लातूरकडच्या ज्या पोराने समुद्र कधी पाहिलाच नाही त्याने काय करायचं? त्याला विचारा, तुला कुठे बरं वाटतं? तो कदाचित म्हणेल, आजीच्या गोठ्यात. मग तिथेच जायचं.

वासरू बसलंय बघ. त्याच्या पाठीवर हात ठेव. गरम लागतंय ना? कडब्याचा वास येतोय. त्याचं पोट बघ कसं हळूहळू वर येतंय... आणि सावकाश खाली जातंय. तुझंही तसंच होऊ दे.

बास, एवढंच, दोन-तीन मिनिटं. श्वास सोडायला जास्त वेळ घेतला की हृदयाचे ठोके मंदावतात, आणि इथे तर मुलाला "दीर्घ श्वास घे" असं सांगावंही लागत नाही, वासरासोबत आपोआप होतं.

सगळ्यांना चित्र दिसतंच असं नाही हां. काही माणसांच्या मनात चित्र उमटतच नाही, 2015 पासून संशोधक त्याला अफँटेजिया म्हणतात. त्यामुळे मूल म्हणालं मला काहीच दिसत नाही, तर "नीट प्रयत्न कर" असं म्हणून त्याच्या मागे लागू नका, वास विचारा, आवाज विचारा. डोळे मिटायची भीती वाटत असेल तर उघडे राहू देत, विशेषतः ज्या मुलाने काही वाईट सोसलंय त्याला जबरदस्ती अजिबात नको.

आणि सराव करायचा तो मूल निवांत असताना, रात्री अंथरुणात वगैरे. रागाच्या भरात नवीन काही शिकता येत नाही, तेव्हा फक्त जवळ बसा, "खूप राग आलाय ना तुला" एवढं म्हणा, भर ओसरला की मग गोठ्यात जा. मुलाला गप्प करायला मात्र हे वापरू नका, प्लीज. वर्गात कुणी त्याला रोज मारत असेल तर त्याचा राग बरोबरच आहे, तिथे आधी शाळेत जाऊन बोलायला हवं.

झोप उडाली, खाणं कमी झालं, मूल स्वतःला इजा करायला लागलं, तर घरच्या घरी प्रयोग करत बसू नका, डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास चालू असते, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि आईबाबांनी स्वतःसाठी केला तरी चालतो.