हाड वाढवणारा स्पंज

(दृश्य: लाइटबॉक्सवर नडगीचा एक्स-रे)

पुण्यातल्या हाडांच्या कुठल्याही मोठ्या वॉर्डात असा एक्स-रे बघायला मिळतो. दुचाकीचा अपघात, चुरडलेली नडगी आणि मेलेलं हाड काढून टाकल्यावर मध्ये चार सेंटिमीटरची मोकळी जागा. साधं फ्रॅक्चर शरीर आपलं आपण जुळवतं. एवढी गॅप मात्र त्याला भरता येत नाही.

(दृश्य: पायावरच्या रिंगा, नट फिरवणारा हात)

कमरेच्या हाडातून कलम घ्यावं, तर ते मोजकंच मिळतं आणि काढलेली जागा दुखत राहते. इलिझारोव्हच्या रिंगा लावल्या तर हाडाचा कापलेला तुकडा रोज 1 मिलिमीटर सरकतो, तेही पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. म्हणजे चार सेंटिमीटरला 40 दिवस, आणि नवं हाड घट्ट होईपर्यंत पुढे आणखी काही महिने रिंगा पायावरच.

1965 मध्ये मार्शल युरिस्ट यांनी दाखवून दिलं, की क्षार काढलेलं हाड स्नायूत ठेवलं तरी तिथे नवं हाड धरतं. त्यामागच्या प्रथिनांना बीएमपी म्हणतात. त्यातल्या बीएमपी-2 ला 2002 मध्ये अमेरिकेत मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी परवानगी मिळाली. पण जखमेत हे प्रथिन टिकत नाही, म्हणून ते मिलिग्रॅमच्या मापात द्यावं लागतं. शरीराचं काम त्याच्या कितीतरी कमी मात्रेत चालतं. मानेच्या मणक्यात वापरल्यावर सूज येऊन श्वास अडू लागला, तेव्हा 2008 मध्ये तिथल्या औषध नियामकाने इशारा दिला. आमच्या मते खोट प्रथिनात नाही, ते एकदम ओतण्यात आहे. जखमेतल्या पेशींनीच ते थोडं थोडं, काही आठवडे तयार करावं. त्यासाठी स्पंजमधून त्यांच्या हाती त्याचं जनुक द्यायचं.

(दृश्य: शेकरवर हलणारे फ्लास्क)

या गढूळ द्रवात ई. कोलाय जिवाणू वाढताहेत: 37 अंश, मिनिटाला 200 फेरे, रात्रभर. प्रत्येकात बीएमपी-2 चं जनुक बसवलेलं प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, आहे. सकाळी जिवाणू फोडून ते वेगळं करतात. खरी अडचण इथे आहे. 260 आणि 280 नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातो याचं गुणोत्तर 1.8 च्या पुढे आलं म्हणजे प्रथिनांची भेसळ फारशी नाही. पण जिवाणूच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन नावाचं विष त्या आकड्यात दिसत नाही, त्याची चाचणी वेगळी करावी लागते. ते राहून गेलं, तर जखमेत दाह उसळतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

(दृश्य: पिपेटचं टोक, अगदी जवळून)

नुसतं प्लाझ्मिड पेशीत फारसं शिरत नाही. त्याच्यावर ऋणभार असतो, पेशीच्या पडद्यावरही ऋणभार. म्हणून धनभारित पॉलिएथिलिनइमाइन, म्हणजेच पीईआय, मिसळायचं. पीईआयमधले नायट्रोजन आणि डीएनएमधले फॉस्फेट यांचं प्रमाण 10 ला 1. प्रमाण वाढवलं तर पेशी मरतात, फार कमी केलं तर कण घट्ट बांधले जात नाहीत. मिश्रण 5 टक्के ग्लुकोजच्या द्रावणात करायचं. सलाइनमध्ये केलं तर मिठामुळे कण एकमेकांना चिकटतात आणि थोड्याच वेळात गुठळ्या होतात. साधारण अर्ध्या तासात 100 ते 200 नॅनोमीटरचे कण तयार होतात.

(दृश्य: पांढऱ्या स्पंजवर पडणारे थेंब, मग फ्रीझ-ड्रायर)

हा कोलॅजेन या प्रथिनाचा स्पंज. छिद्रं 100 ते 300 मायक्रॉनची असली, की पेशींबरोबर रक्तवाहिन्यांनाही आत वाट मिळते. थेंब मधोमध ओतला तर कडा कोरड्या राहतात, म्हणून तो सगळीकडे फिरवत सोडायचा. मग गोठवून निर्वात वाळवणी. बर्फाचे स्फटिक कणांना चिरडून एकत्र आणतात. त्यापासून वाचवायला आधीच सुक्रोज घातलेलं असतं. हा टप्पा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. कोरडा स्पंज पाकिटात राहू शकतो, आणि तालुक्याच्या ऑपरेशन थिएटरपर्यंत काही पोचायचं असेल तर ते याच रूपात.

(दृश्य: हिरव्या चमकणाऱ्या पेशी, मग लाल डाग)

बीएमपीच्या जागी हिरव्या प्रथिनाचं जनुक घालून केलेली ही चाचणी. 48 तासांनी ज्या पेशी चमकतात, त्यांनी जनुक वाचलं. न चमकणाऱ्याही पुष्कळ दिसतात, पण चमकणाऱ्यांनी सोडलेलं बीएमपी शेजारच्या पेशींनाही मिळतं, हाच या पद्धतीचा फायदा. हे लाल डाग 21 व्या दिवसाचे: ॲलिझारिन रेड हा रंग कॅल्शियमला धरतो, म्हणजे हाडाचे क्षार साचू लागले.

(दृश्य: मायक्रो-सीटी, फिरणाऱ्या दोन कवट्या)

या दोन रॅटच्या कवट्या, दोन्हींत 8 मिलिमीटरचं गोल छिद्र. आपोआप भरत नाही, म्हणून हेच माप निवडतात. डावीकडचं रिकामं ठेवलेलं छिद्र 12 आठवड्यांनीही उघडंच आहे. उजवीकडे, स्पंज बसवलेल्या छिद्रात, कडेपासून मध्यापर्यंत हाड आलं आहे.

प्लाझ्मिड सहसा गुणसूत्रात शिरत नाही आणि काही आठवड्यांत ओसरतं. तरी नको तिथे हाड वाढतंय का, यावर लक्ष ठेवावंच लागतं. कवटीवर शरीराचा भार नसतो, नडगीवर असतो. म्हणून यापुढची चाचणी मेंढीच्या पायात, आणि माणसापर्यंत जायचं तर आयसीएमआरच्या 2019 च्या जनुकोपचार मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सगळ्या परवानग्या घेऊन.